फडक्यावरचा काळा रंग

पेडणे,
८ फेब्रुवारी १९८७

डिचोली स्टँडवरच्या टॅक्सीचालक बंधूंनो,

पणजीत तुमची गाडी हॉटेलच्या फाटकाशी उभी राहिली की दरवान काय म्हणतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. "खाणीची गाडी आली, जरा लांब लाव." तुमची सीट स्वच्छ, काच स्वच्छ, तुमचा शर्ट कडक इस्त्रीचा. पण उन्हात गाडीच्या रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी दिसते आणि पाहुणा शेजारच्या गाडीत जाऊन बसतो. ज्या मातीने मुरगाव बंदरात बोटी भरतात, त्याच मातीची धूळ तुम्ही बारा महिने अंगावर घेता, आणि वर तिच्याच नावाने हिणवूनही घेता. हा अपमान तुमचा आहे, आणि तुमच्या शेजारच्या तालुक्यातला माणूस म्हणून माझाही आहे.

म्हणून विचारतो. ही जाळी काढणारी एक कारागीर तुमच्या स्टँडला लागूनच्या शेडमध्ये बसते. माझी धाकटी बहीण देवकी. तिचा नवरा शांताराम दोन वर्षांपूर्वी बहारीनला गेला, तो जाताना आपलं काम बायकोच्या हाती देऊन गेला. तुमच्या अपमानावर औषध असेल तर ते त्या शेडमध्ये आहे, आणि तुमचा अध्यक्ष बाबली तिलाच शेड सोडायला सांगतो! परवा तिचं कार्ड आलं. दोनच ओळी. 'बाबलीबाबांनी एक मार्चपर्यंत शेड रिकामी करायला सांगितली आहे. काळजी करू नकोस.' कारण लिहिलेलं नाही, पण मला ते दिसतं. शेडवर पाटी आहे, 'येथे गाड्यांचे ओरखडे काढून मिळतील.' पाटी मराठीत आहे, आणि कोकणीला राजभाषा करणारा कायदा मंजूर होऊन चार दिवस झालेत.

बाबली, मी कोकणीचा शत्रू नाही. माझी आई मला कोकणीत रागावली आणि मी तिला मराठीत पत्रं लिहिली, आमच्या घरात दोघी एका चुलीवर जेवल्या. पण कायद्याची शाई वाळायच्या आत एका बाईची पाटी उतरवणं हा पुरुषार्थ नव्हे. येत्या रविवारी डिचोलीच्या बाजारात उभा राहून मी हे तुझ्या तोंडावर सांगणार आहे. तोवर हे पत्र स्टँडवर मोठ्याने वाचावं.

गोकुळदास कोरगावकर, शिक्षक


डिचोली,
११ फेब्रुवारी १९८७

ती. स्व. दादास देवकीचा नमस्कार.

तुझं पत्र वाचलं, म्हणजे ऐकलं. सगुण ड्रायव्हरने बाकावर उभं राहून वाचलं, तुझ्यासारखाच उजवा हात वर करून. आधी सगळे हसत होते. 'आमच्या घरात दोघी एका चुलीवर जेवल्या' इथे हसायचे थांबले, दोघांनी मान हलवली. मग पाटीचा मजकूर आला. बाबलीबाब शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि एवढंच म्हणाला, "ती पाटी हांवेंच रंगयल्या न्हय रे?"

होय दादा. पाटी त्यानेच रंगवून दिली. शांताराम गेला त्या आठवड्यात. अक्षरंही त्याचीच, 'मिळतील' लिहिताना जागा संपली म्हणून शेवट बारीक झालाय.

तुला कारण लिहिलं नाही ते लाजेने. आता लिहिते.

बाबलीबाबाची काळी अॅम्बॅसडर तुला माहीत आहे, पिवळ्या छपराची. शांताराम गेल्यापासून मी कुठे दरवाजा, कुठे मडगार्ड एवढंच करत होते. पूर्ण गाडी माझ्या हाती पहिल्यांदाच आली, आणि ती अध्यक्षाची. आधी भरपूर पाण्याने धुतली. मग रॉकेलच्या फडक्याने पुसून वरचं खोबरेल काढलं. इथे सणाला सगळे गाडीला खोबरेल चोळतात. दोन दिवस झळकते, ओरखडे तेलाखाली लपतात. तेल गेलं आणि बॉनेटवर कोळ्याने घर केल्यासारखं जाळं दिसलं. मी रबिंगची खरखरीत पेस्ट लावून घासायला लागले. तेवढ्यात बाबलीबाब चहा पिऊन आला आणि त्याने माझ्या हातातला फडका बघितला. काळाकुट्ट.

"म्हजो रंग काडलो गे हिणें!" केवढ्याने ओरडला. सगळा स्टँड गोळा झाला.

दादा, या गाड्यांचा रंग फडक्यावर येतोच. ओरखडा म्हणजे रंगाच्या वरच्या थरात पडलेली बारीक चर. ती भरता येत नाही, तर भोवतालचा थर केसाहून कमी खाली आणून तिच्याबरोबर सपाट करायचा. तो थर जाणार कुठे? शांताराम हे एका वाक्यात सांगायचा आणि लोक माना डोलवायचे. मी सांगितलं तर नवऱ्याचं नाव काढून म्हणाले, घोवान शिकयलें तें अर्धेंच शिकयलें.

त्यांच्या कमिटीने मला पहिल्या तारखेपर्यंत मुदत दिली आहे. शेड गेली तर हे काम गेलं. घरात बसून गाडी घासता येत नाही.

रविवारी येऊ नकोस. मी बोलावीन तेव्हा ये.

तुझी,
देवकी


पेडणे,
१४ फेब्रुवारी १९८७

चि. देवकीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी अर्धा तास गप्प होतो. तुझी वहिनी सुमंगला येऊन कपाळाला हात लावून गेली, ताप आहे का म्हणून.

पाटीबद्दल माझी चूक झाली. ती मी मान्य करतो, आणि रविवारी येत नाही. पण बाकीचं पत्र मागे घेत नाही. 'अर्धेंच शिकयलें' म्हणणाऱ्यांना विचार, तुम्हाला कोणी पूर्ण शिकवलं? बाईच्या हातात भाकरीचं पीठ लागलेलं चालतं, गाडीचा रंग लागलेला चालत नाही! मी जगभरच्या क्रांत्या वाचल्या आहेत. त्यांतल्या निम्म्या असल्याच एखाद्या फालतू वाटणाऱ्या अन्यायातून पेटल्या.

तुला कोणापुढे हात जोडताना मी बघू शकत नाही. पेडण्याला ये. शाळेमागे माझी जागा आहे, पत्रे घालून देतो. इथे तुला कोणी विचारणार नाही.

मात्र एक शंका आहे. रागावू नकोस, मला रंगातलं काही कळत नाही. शांताराम काम करायचा तेव्हाही त्याच त्याच गाड्या सहा महिन्यांनी परत यायच्या, हे मला आठवतं. जाळी काढली तर ती परत येते कुठून? मी बाबलीच्या जागी असतो तर हाच प्रश्न विचारला असता. याचं उत्तर तुझ्यापाशी आहे का?

तुझा,
दादा


डिचोली,
२२ फेब्रुवारी १९८७

ती. स्व. दादास नमस्कार.

तुझ्या शंकेने मला बसू दिलं नाही. उत्तर माझ्यापाशी नव्हतं. शांतारामपाशीही नव्हतं. तो म्हणायचा, खाणीची धूळ, दुसरं काय. पण धूळ नुसती बसून राहिली तर ओरखडा कसा पडेल?

पाच दिवस सकाळी लवकर स्टँडवर जाऊन बसले. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आधी सगळे तिथे असतात. प्रत्येकाच्या हातात जुन्या लुगड्याचा मऊ फडका. रात्रभर ट्रक गेलेले, गाड्यांवर लाल धुळीचा थर. आणि प्रत्येकजण तो थर कोरड्या फडक्याने गोल गोल हात फिरवून पुसतो. काय प्रेमाने पुसतात, दादा! बाबलीबाब सर्वांत जास्त वेळ. बारा वर्षं, एक दिवस न चुकता. त्याचा बाप पोर्तुगिजांच्या वेळी कारेर बसवर ड्रायव्हर होता, तोही असाच पुसायचा म्हणे.

मी घरी येऊन ती धूळ चिमटीत घेतली आणि फुटक्या काचेच्या तुकड्यावर फडक्याने चोळली. काचेवर ओरखडे आले. ती माती नाही, लोखंड आहे. ज्याची गाडी सर्वांत जास्त पुसलेली, तिच्यावर जाळी सर्वांत दाट.

आता हे त्या माणसाला सांगायचं कसं? तुझ्या गाडीचा घात तूच करतोस, रोज सकाळी, मायेने?

शुक्रवारी कमिटीसमोर गेले. सरळ सांगितलं. बाबलीबाब लालबुंद झाला. "म्हजे हात वायट? बारा वर्सां ही गाडी हांवें भुरग्याभशेन पोसल्या!" पोटच्या पोरासारखी म्हणे. सगुण म्हणाला, "देवकीबाय, उद्यां सांगशी, गाडी चलयल्यार चाकां झिजतात." सगळे खदखदले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मग कमिटीतला एक म्हातारा म्हणाला, तू आधी सांग, बॉनेटच्या कडेला तांबडं काय दिसतं?

हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. बॉनेटच्या पुढच्या धारेवर रंग पातळ असतो, तिथे हलका हात लागतो. माझा जोरात लागला आणि अंगठ्याएवढ्या जागेत खालचं तांबडं अस्तर उघडं पडलं. बाबलीबाबाने ते बघूनच आरडाओरडा केला होता. म्हणजे त्याचं ओरडणं अगदीच खोटं नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, तिथे माझा हात चुकला. धारेला पहिल्यांदाच घासत होते. ती जागा मी रंगवून देईन. पण जाळी माझी नाही.

 मग मी पैज लावली. बॉनेटचे मधल्या उंचवट्यापासून दोन भाग. दोन्ही भाग मी घासून सारखे करते. मग पंधरा दिवस बाबलीबाबाने डावा भाग नेहमीसारखा कोरडा पुसायचा. ड्रायव्हरच्या बाजूचा उजवा भाग आधी दोन कळशा पाणी ओतून, धूळ वाहून गेल्यावर ओल्या फडक्याने, सरळ सरळ पुसायचा. आठ मार्चला, रविवारी, सकाळी आठच्या तिरक्या उन्हात सगळ्यांनी बघायचं. दोन्ही भाग सारखे दिसले तर शेडची चावी मीच देते.

"पाणी खंयचें? मार्चांत बांय सुकता," कोणी तरी आटत्या विहिरीकडे बोट केलं. मी म्हटलं, ते पाणी मी भरीन.

कमिटीने आठ मार्चपर्यंत मुदत वाढवली. काल दिवसभर सावलीत बॉनेट घासलं. या वेळी धारेला बोट लावलं नाही. फडका काळा होत होता आणि बाबलीबाब मान फिरवून उभा होता, आपल्याच मुलाला इंजेक्शन देताना बाप उभा राहतो तसा. संध्याकाळी उन्हात आला, बॉनेटमध्ये वाकून बघितलं आणि दाढी केली नाही हे त्याला तिथेच कळलं. गालावरून हात फिरवला आणि निघून गेला.

पेडण्याला मी येणार नाही. तिथे मला कोणी विचारणार नाही म्हणतोस. मला कोणीतरी विचारायला हवं आहे.

तुझी,
देवकी


डिचोली,
२५ फेब्रुवारी १९८७

गोकुळदास मास्तर यांस,

तुमचं पत्र जपून ठेवलंय. आमच्या स्टँडवर एवढं चांगलं मराठी कोणी कधी ऐकलं नव्हतं, शिव्या मला होत्या तरी ऐकताना बरं वाटलं.

मी शाळेत चौथीपर्यंत. तुमच्यासारखं लिहिता येत नाही. पण पाटी माझ्या हाताची आहे आणि ती मी कोणाच्या कायद्यासाठी उतरवणार नाही, हे तुम्हाला ठाऊक असावं. तुम्ही आधी विचारलं असतं तर एक चहा पाजून सांगितलं असतं.

तुमची बहीण म्हणते माझ्या हाताने माझी गाडी खराब होते. माझ्या बायकोने, शेवंतीने, हे ऐकलं आणि दोन दिवस माझ्याकडे बघून हसते आहे. तुम्ही भाषणवाले लोक दुसऱ्याला चुकीचं म्हणून दोन तासांत घरी जाता. मला रोज त्याच गाडीत बसायचं आहे.

रोज सकाळी तुमची बहीण दोन कळशा घेऊन येते आणि उजवीकडे पाणी ओतून जाते. बोलत नाही. मीही बोलत नाही. डावीकडे मी माझ्या बापासारखा पुसतो.

आठ मार्चला तुम्ही इथे या. ती हरली तर शेडला कुलूप तुम्ही घालायचं. ती जिंकली तर भाषण करा, मी टाळ्या वाजवीन.

बाबली गावकर


डिचोली,
९ मार्च १९८७

ती. स्व. दादास नमस्कार.

काल तू का आला नाहीस? बाबलीबाब पेडण्याहून येणारी प्रत्येक बस बघत होता. मी म्हटलं होतं बोलावीन तेव्हा ये, पण त्याने बोलावलं होतं ना!

झालं ते सांगते. आठ वाजता गाडी पूर्वेला तोंड करून उभी केली. स्टँडवरचे सगळे होते, बाजारातलेही वीसतीस. मी रॉकेलने दोन्ही भाग पुसले, म्हणजे तेल किंवा काही लपलं असेल तर निघून जाईल. मग वाकून बघितलं.

उजवा भाग स्वच्छ. डावीकडे जाळी होती. पण दादा, इतकी बारीक! चारपाच पुसट गोल रेषा. मी घाबरले. पंधरा दिवस कोरडं पुसल्यावर ती दाट यायला हवी होती. म्हातारा चष्मा वर करून म्हणाला, "इतकेंच? हें म्हाका दिसनासुद्धां." दुसरा म्हणाला, दोन्ही सारखेच, सोडा. सगुणने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. त्याला माझी कीव आली हे मला सहन झालं नाही.

मला वाटलं, माझं चुकलं. पाच दिवस बघितलेलं, काचेवर चोळलेलं, सगळं चुकलं. चावी कमरेलाच होती. मी हात कमरेकडे नेला.

"थांब," बाबलीबाब म्हणाला.

पुढे आला, बॉनेटवर हात ठेवला. "आठ दीस सुकें पुसलें. नवव्या दिसा म्हाका पळोवंक जालें ना. तेन्ना सावन दोनूय वटांनी उदक घालतां."

कोणाला लगेच कळलं नाही. मग त्याने मराठीत सांगितलं, बहुधा बाजारातल्या शेठजींसाठी. आठव्या दिवशी त्याला डावीकडे जाळी दिसायला लागली. उजवीकडे त्याचं तोंड दिसत होतं आणि डावीकडे किंचित धूसर. ती आपल्याच हाताने रोज वाढवायची, हे त्याच्याने होईना. नवव्या दिवशी मी पाणी ओतून गेल्यावर त्याने घरून आणखी दोन कळशा आणल्या आणि डावा भागही धुतला. रोज. पैज मोडली म्हणून कोणाला बोलला नाही. "हांवें फसयलें," म्हणाला, "तिका न्हय, तुमकां सगळ्यांक." आणि मग, अगदी हळू: "बापायन शिकयल्लें चुकीचें म्हणपाक वेळ लागता रे."

दादा, एवढी माणसं होती. एकजणही हसला नाही.

म्हाताऱ्याने चष्मा पुसला, पुन्हा वाकला, आणि म्हणाला, आठ दिवसांत हे, मग बारा वर्षांत काय झालं असेल! सगुण धावत आपल्या फियाटकडे गेला आणि उन्हात तिच्याभोवती फिरायला लागला. मग सगळेच आपापल्या गाड्यांकडे गेले. मी आणि बाबलीबाब बॉनेटपाशी उभे.

मला वाटलं आता शेडचं काही बोलेल. तो म्हणाला, "उरलेली गाडी केन्ना करतली?"

आज सकाळपासून डावा दरवाजा घेतलाय. फडका काळा झाला की बाबलीबाब तो सगळ्यांना दाखवतो आणि सांगतो, हो रंग न्हय, ओरखडो. कामात पुढे लुडबुडतो जरा, पण चालायचं.

तुझी,
देवकी


पेडणे,
१८ मार्च १९८७

चि. देवकीस आशीर्वाद.

मी मुद्दाम आलो नाही. त्या दिवशी सकाळी सहाच्या बसला मी स्टँडवर गेलो होतो. तिकिटासाठी हात खिशात घातला आणि मनात भाषणाची पहिली तीन वाक्यं तयार झालेली दिसली. परत घरी आलो. मी तिथे असतो तर 'थांब' म्हणायची संधी बाबलीबाबला मिळाली नसती. त्याच्या आधी मीच बोलायला लागलो असतो.

आयुष्यभर मी लोकांना त्यांच्या चुका सांगितल्या. टाळ्या मिळाल्या. आपली चूक भर बाजारात, पैज जिंकत असताना, स्वतःहून सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. त्याला पत्र लिहिलं आहे. त्यात एकही विशेषण घातलं नाही. फक्त क्षमा मागितली.

आणि तू. पाच दिवस गप्प बसून बघितलंस. आपल्या हाताची चूक लोकांसमोर मांडलीस, मग दुसऱ्याच्या हाताची. मी शाळेत 'स्वाभिमान' या विषयावर दर वर्षी निबंध घालतो. देवकी, या वर्षी मुलांना तुझी गोष्ट सांगितली. 

बाबलीबाबने उत्तरात विचारलं आहे की लवकरच गोवा राज्य होणार म्हणतात, तेव्हा डिचोली-पेडण्याच्या टॅक्सी रांगेने पणजीला जाणार, तर सगळ्या स्टँडना गाड्या धुण्याबद्दल एक पत्रक मी लिहून द्यावं. मी नाही म्हटलं. ज्याला काम येतं त्याने लिहावं. तू लिही. मी एक शब्द बदलणार नाही, छापून मात्र देईन.

तुझा,
दादा


डिचोली,
२४ मे १९८७

डिचोली, साखळी, अस्नोडा आणि पेडण्याच्या स्टँडवरच्या सगळ्या टॅक्सीवाल्यांनो,

तुम्ही मला ओळखत असाल किंवा नसाल. मी देवकी. डिचोली स्टँडच्या शेडमध्ये गाड्यांचे ओरखडे काढते. गेल्या अडीच महिन्यांत एकवीस गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. पणजीच्या फाटकावर आता त्यांना लांब उभं राहायला सांगत नाहीत, हे तुम्ही त्यांच्या मालकांना विचारून घ्या.

पण मी तुम्हाला शेडमध्ये बोलवायला लिहीत नाही. माझ्याकडे यायची गरज कमीत कमी पडावी म्हणून लिहिते आहे. रंगाचा थर मोजका असतो, मी प्रत्येक वेळी घासताना त्यातला थोडा जातो. दहा वेळा घासलं तर अस्तर दिसेल. म्हणून जाळी पडूच नये.

जाळी धुळीने पडत नाही. धूळ चोळल्याने पडते. आपल्याकडची धूळ लोखंडाची आहे, आणि आपण ती मऊ फडक्याने, गोल गोल, गाडीवर जीव लावून चोळतो. यात कोणाला लाज वाटायचं कारण नाही. आमच्या स्टँडच्या अध्यक्षांनी बारा वर्षं असंच पुसलं आणि चूक कळल्यावर ती चारचौघांत सांगितली. त्यांच्याएवढी सरळ मान करून स्टँडवर फिरणारा माणूस आज दुसरा नाही.

मी काही शिकलेली नाही. पण माझ्या हाताला हे काम येतं आणि माझ्या माणसांना कोणी खाणीची माणसं म्हणून हिणवलेलं मला खपत नाही. आपण खाणीचीच माणसं आहोत. त्या मातीवर आपली घरं चालतात. मग तिला सांभाळायचं कसं, हेही आपल्यालाच यायला हवं.

येत्या शनिवारी आपलं राज्य होईल. त्या दिवशी आपल्या गाड्या रांगेने मांडवीचा किनारा धरून पणजीत शिरतील आणि लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असतील. खोबरेल चोळू नका, ते कोणालाच फसवत नाही. फुलांच्या माळा नंतर घाला. शनिवारी पहाटे गाडीपाशी जाल तेव्हा हातात कोरडा फडका घेऊ नका. दोन कळशा भरून आणा, आणि छपरापासून खालपर्यंत ते पाणी गाडीवर ओता.

देवकी शांताराम परवार